रंगारी मॅडमची भिंत

रंगारी मॅडमच्या चित्रासमोर उभं राहून "हे काय आहे?" असं कुणी विचारलं, की त्या हाताची घडी घालायच्या, विचारणाऱ्याच्या तोंडाकडे नीट बघायच्या आणि म्हणायच्या, "चित्राचं राहू द्या. तुमाले काय होऊन राह्यलं, ते सांगा." विचारणारा बहुतेक वेळा हसायचा. मॅडम हसायच्या नाहीत. त्या उत्तराची वाट बघत उभ्या राहायच्या, आणि त्यांचं ते वाट बघणं इतकं खरं असायचं, की समोरच्याला एक तर काहीतरी बोलावं लागायचं, नाहीतर तिथून निघून जावं लागायचं. आमच्या शाळेतले बहुतेक जण निघून जायचे. पहिली काही वर्षं मीही.

देवळीच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवायचो आणि त्या चित्रकला. रंगारी हे त्यांचं आडनाव. नव्या मुलांना वाटायचं, चित्रं काढतात म्हणून पडलेलं नाव आहे. एका पालकानं तर "मॅडम, तुमचं खरं आडनाव काय?" असं विचारलं होतं. "हेच खरं आहे जी, बाकीचं सगळं नंतर आलं," असं त्या म्हणाल्या. बुटक्याच, अंगावर सुती साडी, पायात रबरी चपला, आणि उजव्या हाताच्या नखांत कायम कुठला तरी रंग. त्या नखांवरून आम्ही स्टाफरूममध्ये ओळखायचो, की घरी सध्या कोणत्या रंगाचं काम चालू आहे. बाकी त्या चित्रांबद्दल बोलायच्या नाहीत. 'अमूर्त' हा शब्द तर त्यांना बिलकूल आवडायचा नाही. "रंग दिसते, कागद दिसते, हात लावला तं हाताले लागते. मंग अमूर्त कायचं?"

त्यांच्या चित्रांत माणूस नसायचा, झाड नसायचं, घर नसायचं. एका रंगावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, आणि मधूनच खालचा एखादा रंग वर डोकावलेला. असं एक चित्र त्यांनी चित्रकलेच्या खोलीत लावलं होतं. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी ते पाहिलं आणि आमच्यासमोर म्हणाले, "ज्यांना चित्र काढता येत नाही, ते असले रंग फासतात." मुख्याध्यापक लगेच हसले. मॅडम फळ्याकडे गेल्या, रंगीत खडू घेतले आणि दहा मिनिटांत मोर काढला. मानेचा बाक, पायाची नखं, पिसाऱ्यातला डोळा न् डोळा. साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि फोटो काढायला मोबाईल बाहेर काढला. ते मोबाईल सरळ धरेपर्यंत मॅडमनी डस्टर फिरवून मोर पुसून टाकला होता.

"मले मोर येतो साहेब," त्या म्हणाल्या. "येतो, तरी मी तो काढत नाई. हे तुमच्या रिपोर्टात लिहून घ्या."

रिपोर्टात काय लिहिलं गेलं ते मला माहीत नाही. पण मुख्याध्यापकांनी ते मनात ठेवलं. शाळेच्या दर्शनी भिंतीवर त्यांना कधीपासून मोर आणि धबधबा हवा होता, आणि मॅडम ते टाळत होत्या. आठवड्याभरात एक अर्ज तयार झाला. 'श्रीमती रंगारी शाळेच्या सुशोभनाच्या कामात सहकार्य करीत नाहीत,' अशी त्याची सुरुवात होती, आणि खाली आम्हा सगळ्यांच्या सह्या मागितल्या होत्या. मी सही केली. कुणी धमकी दिली नव्हती, कसली भीती नव्हती. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा वाटायचं, की बाईला फार गर्व आहे.

मॅडमकडून खुलासा मागवला गेला. त्यांनी तो एका ओळीत दिला: 'शिकवणे हे माझे काम आहे आणि ते मी करते.' दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्ध्याच्या बसस्थानकावर पोचलो, तेव्हा देवळीची गाडी भरत आली होती. आम्ही दोघंही वर्ध्याहून येजा करायचो, पण एकत्र कधी बसत नव्हतो. त्या दिवशी मॅडमनी खिडकीत बसून शेजारची जागा पिशवी ठेवून धरली होती. मला पाहून त्यांनी पिशवी उचलली.

"बसा सर. अर्जावर तुमची सही पाह्यली. अक्षर चांगलं आहे तुमचं."

आणि मग देवळी येईपर्यंत त्या बाहेर बघत राहिल्या. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मी दुपारपर्यंत विसरलो असतो. त्या दिवसापासून मी रोज त्यांच्या शेजारी बसू लागलो. आधी लाजेनं, मग सवयीनं, आणि पुढे तर त्या नसल्या की प्रवास लांबल्यासारखा वाटायचा.

वर्गात त्यांची पद्धत वेगळी होती. परीक्षेत लागतं ते सगळं त्या शिकवायच्या: मडकं, वांगं, छायाप्रकाश, अक्षरलेखन. त्यात कसूर नसायची. पण महिन्यातून एक तास त्या म्हणायच्या, "आज वस्तू काढाची नाई." एकदा आठवीच्या वर्गाला त्यांनी सांगितलं, "तुमच्या घरातलं कोनी मेलं असन, त्या दिवशीचं घर काढा. पण घर काढू नका अन् मानूसही काढू नका." एका मुलीनं सगळा कागद मातकट रंगानं भरून टाकला. नुसता भरला नाही, रगडून रगडून जागोजागी फाडला. फक्त वरचा एक कोपरा कोरा सोडला. मॅडमनी तो कागद जपून ठेवला.

दोन दिवसांनी त्या मुलीचे वडील शाळेत आले. कागद फाटेपर्यंत पोरगी रंग फासते आणि मॅडम तिला शाबासकी देतात, हे त्यांना पटलं नव्हतं. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, तो कागद समोर ठेवला आणि आपला नेहमीचा प्रश्न विचारला. मला वाटलं, आता या माणसाचे डोळे भरून येतील. तसं काही झालं नाही. ते म्हणाले, "मले काय होईन? पोरीचं वर्ष वाया जाऊन राह्यलं, ते होऊन राह्यलं." त्यांनी मुलीला चित्रकलेच्या परीक्षेतून काढलं आणि गेले. मॅडम त्या दिवशी डबा न खाता बसून होत्या. संध्याकाळी बसमध्ये मी त्यांना म्हणालो, की थोडं सबुरीनं घेतलं असतं तर पोरगी परीक्षेला तरी बसली असती.

"बसली असती," त्या म्हणाल्या. "अन् मग जन्मभर मडकंच काढलं असतं. सर, त्या पोरीची आजी गेली. तिले रडूसुद्धा दिलं नाई कोनी, पाहुन्यांले चहा नेऊन दे म्हणे. तिनं कुठं रडाचं मग? कागदावर रडली. मी त्याले चूक कशी म्हणू?"

त्यांच्या स्वतःच्या चित्रांमागे काय होतं, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. शाळेची सहल पवनारला गेली होती. मुलं डबे खाऊन धाम नदीच्या पात्राजवळ हुंदडत होती आणि आम्ही दोघं खडकावर बसून त्यांच्यावर लक्ष ठेवत होतो. मी सहज विचारलं, की तुम्हाला एवढं हुबेहूब काढता येतं, तर ते सोडलं कधी?

त्यांची आई लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची. त्या कमाईवर तिनं मॅडमना शिकवलं, चित्रकलेच्या कोर्सला नागपूरला पाठवलं. ती गेली तेव्हा धाकटा भाऊ सुधाकर म्हणाला, "ताई, मायचा मोठा फोटो काढ हातानं. घरात लावू." मॅडमनी महिनाभर खपून चित्र काढलं. नाकातली चमकी, कानाजवळचा व्रण, सगळं जिथल्या तिथं. पाहायला आलेल्या बाया रडल्या, हुबेहूब माय आहे म्हणाल्या. फक्त मॅडमना त्या चित्रासमोर बसवेना.

"मायचा एकच फोटो होता सर. आधार कार्डासाठी काढलेला. त्यात माय घाबरलेली आहे. जन्मात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसली, फोटोवाल्यानं दटावलं असन, हलू नको म्हणून. मी ते घाबरणंच हुबेहूब काढलं. अन् तेच घरात लावाचं? माय काय जन्मभर घाबरलेली होती?"

मग एका दुपारी त्यांनी त्या चेहऱ्यावर रंग चढवायला सुरुवात केली. आईच्या धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्याचा रंग, दुपारच्या उन्हात डोळ्यांना टोचणाऱ्या कापसाचा रंग, चुलीजवळच्या भिंतीचा रंग. चेहरा संपूर्ण झाकला गेला तेव्हा, त्या म्हणाल्या, पहिल्यांदा माय घरात आल्यासारखी वाटली. सुधाकर वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. मायचं तोंड पुसलं म्हणून त्यानं चारचौघांत सांगितलं.

"मी रोज सकाळी बसते, डोये मिटून," त्या म्हणाल्या. "तवा मले मायचं नाक दिसत नाई, डोये दिसत नाई. पण माय असते. आता तुमीच सांगा, जी असते ती काढाची, का जी दिसते ती?"

मी गणितवाला. म्हणालो, आम्हीही दिसत नाही त्याला क्ष म्हणतो आणि काम चालवतो.

"तुमचा क्ष शेवटी सापडते," त्या म्हणाल्या. "माझा नाई सापडत. म्हणून तं पुन्हा पुन्हा काढा लागते."

आता भिंतीचं सांगतो. मॅडमचं मूळ गाव देवळीपासून जवळच. तिथल्या विहाराला लागून गावकऱ्यांनी ध्यानासाठी एक खोली बांधली होती. खोलीची समोरची भिंत मोठी आणि कोरी होती. गुणवंतभाऊ म्हणून निवृत्त ग्रामसेवक होते, ते विहार समितीचे अध्यक्ष. आपल्याच गावची लेक चित्रकलेची शिक्षिका असताना बाहेरचा पेंटर कशाला, असं म्हणून त्यांनी मॅडमना गळ घातली. त्यांच्या डोळ्यांसमोर हरणं, झाडं आणि उपदेश ऐकणारे भिक्खू असं चित्र होतं. मॅडम म्हणाल्या, "काढते. पण मले वाटन ते काढीन. अन् होईपर्यंत आत कोनी येऊ नये." गुणवंतभाऊंनी फक्त 'काढते' एवढंच ऐकलं असावं.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी काम केलं. शिडी मी पोचवली, पण मलाही आत घेतलं नाही. सुट्टी संपताना एका रविवारी सकाळी समिती, चारदोन गावकरी आणि मी असे दारात उभे राहिलो. मॅडमनी कडी काढली.

भिंतीच्या तळाशी वावरातली काळी माती होती. चाळून, डिंकात कालवून, हातानं सारवलेली. वर जाता जाता ती तपकिरी होत होती, मग थकलेला पिवळा रंग, आणि अगदी वर पांढरा, पण चुन्यासारखा नाही. बास. ना हरीण, ना झाड.

गुणवंतभाऊंनी भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. "प्रायमर मस्त बसला मॅडम," ते म्हणाले. "चित्र कवा सुरू करता?"

"झालं," मॅडम म्हणाल्या.

दुपारपर्यंत भिंतीचा फोटो गावाच्या ग्रुपवर गेला, आणि 'पुट्टी झकास', 'मॅडम रंग उरला असन तं आमच्या गोठ्याले पाठवा' असे निरोप फिरू लागले. सुधाकर समितीत होता. त्याला तोंड लपवायला जागा उरली नाही. पुढच्या रविवारी बैठक बोलावली. मॅडमनी मला बरोबर यायला सांगितलं नव्हतं. मी आपणहून गेलो.

बैठकीला वर्ध्याहून एक प्राध्यापक आले होते, समाजातले जाणते म्हणून बोलावलेले. ते शांतपणे बोलले. आपल्या लोकांच्या चित्रात आपला इतिहास दिसला पाहिजे, दुःख दिसलं पाहिजे, संदेश पाहिजे, असले रंगांचे खेळ शहरातल्या भरल्या पोटाच्या लोकांसाठी ठीक, असं त्यांचं म्हणणं होतं. बऱ्याच माना हलल्या. मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"सर, माझ्या आजीले लोक सांगत, इथं उभी राय, तिथं नको. हे पानी पी, ते नको. तिनं ऐकलं, कारन तिच्यापाशी इलाज नव्हता. माझ्या मायनं त्यातलं अर्धं ऐकलं. मी बिलकूल ऐकनार नाई. दुःख माझं, अन् ते कोन्या आकाराचं असावं हे तुमी ठरवान का? शहरातल्यांले समजते अन् देवळीवाल्यांले समजत नाई, हे कोनी ठरवलं? अन् एक सांगा. आपन मूर्तीसमोर बसतो, अन् मग डोये मिटतो. मिटतो ना? डोये मिटल्यावर जे राह्यते, ते काढलं मी."

गुणवंतभाऊ म्हणाले, "मॅडम, तुमचं सगळं बरोबर असन. पण लोक विचारतात, आमी सांगाव काय?"

"काई सांगू नका. पुसाचं असन तं पुसा. मी अडवत नाई. पण जो पुसा म्हणते, त्यानं आधी अर्धा तास त्या भिंतीसमोर बसाव. मोबाईल बाहेर ठेवून. मग हात वर कराव."

ही अट मानायला कुणाचं काही जात नव्हतं. सगळे आत जाऊन बसले. मीही बसलो. पहिली दहा मिनिटं मी भिंतीवरचे फराटे मोजत होतो. मग डाव्या बाजूला, पांढऱ्याच्या आत, मला एक निळा पट्टा दिसला. इतका फिका, की आधी तो तिथं नव्हता असंच वाटावं. त्या निळ्याकडे पाहत असताना मला जे आठवलं, त्याबद्दल मी तोवर घरीसुद्धा कधी बोललो नव्हतो. आमची पहिली मुलगी चार दिवसांची होऊन गेली. तिचा फोटो नाही. तिचं तोंड मला आठवत नाही, आणि न आठवण्याची इतकी लाज वाटायची, की मी तो विषयच मनातून काढून टाकला होता. बायको बोलायला गेली तरी मी उठून जायचो. त्या दिवशी मी त्या खोलीत, गावकऱ्यांच्या मध्ये, गुडघ्यात डोकं घालून बसलो आणि पहिल्यांदा तिच्यासाठी रडलो. आठवायला चेहरा लागतोच असं नाही, एवढं मला कळलं.

बाहेर आल्यावर मी बैठकीत उभा राहिलो आणि हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. अर्जावर सही करणारा मी होतो, हेही सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. प्राध्यापक म्हणाले, "ही तुमची वैयक्तिक भावना झाली." गुणवंतभाऊ मात्र प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, "मले काईच नाई झालं मॅडम. पाय तेवढे दुखले."

"हे खरं बोलले," मॅडम म्हणाल्या. "याच्यासाठी भाऊंले मी मानते."

मग हात वर झाले. भिंतीवर पांढरा मारून वर्ध्याच्या पेंटरकडून हरणांचं चित्र काढायचं ठरलं. सुधाकरनंही हात वर केला. तो बहिणीकडे न बघता खाली बघत होता. मॅडमनी पिशवी उचलली आणि माझ्याबरोबर बसस्टॉपवर आल्या. वाटेत एवढंच म्हणाल्या, "मध्ये एखादी मूर्ती टाकून देतो, बाकी तुमचं ठेवतो, असं समितीवाले विचारत होते मघा. मी नाई म्हटलं. ठेवाचं तं पूर्ण ठेवा."

यानंतर जे झालं त्यात मॅडमचा हात नव्हता, हे मला शपथेवर सांगता येईल, कारण ते झालं तेव्हा त्या देवळीला सातवीचा तास घेत होत्या. पेंटर बुधवारी सकाळी डबे, रोलर घेऊन पोचला, तर खोलीत चार म्हाताऱ्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. त्यांतली पुढची पार्बताबाई. मॅडमच्या आईबरोबर तिनं आयुष्यभर कापूस वेचला होता. बैठकीच्या दिवशी ती दाराशी बसून सगळं ऐकत होती, आणि लोक बाहेर पडल्यावर एकटीच आत जाऊन बसली होती.

"आजी, उठा ना जी," पेंटर म्हणाला. "पुट्टी माराची आहे."

"आमी ध्यान करून राह्यलो," पार्बताबाई म्हणाली. "ध्यानाची खोली आहे ना हे? झालं की उठतो."

दुपारी त्या उठल्या तेव्हा दुसऱ्या तिघी येऊन बसल्या होत्या. संध्याकाळी वावरातून परतलेल्या बाया ओटीतला कापूस घरी ठेवून आल्या. दुसऱ्या दिवशी तेच. गुणवंतभाऊंनी समजावून पाहिलं, आवाज चढवून पाहिला. तिसऱ्या दिवशी त्यांची स्वतःची बायको त्या रांगेत बसलेली त्यांना दिसली, आणि ते दारातूनच परत फिरले. बायांनी घोषणा दिल्या नाहीत, निवेदन दिलं नाही. त्या फक्त बसल्या. काहींचे डोळे मिटलेले, काहींचे उघडे, एखादी डुलकी घेत असलेली. पेंटरनं तीन दिवस चहा पिऊन काढले आणि आपले डबे घेऊन वर्ध्याला गेला. समितीनं ठराव लिहिला, की भिंत तूर्तास आहे तशी ठेवावी. ते 'तूर्तास' अजून संपलेलं नाही.

मी बसमध्ये मॅडमना ही सगळी हकिकत सांगितली. म्हणालो, "बायांना समजलं म्हणायचं."

"समजाचं काय त्याच्यात?" त्या म्हणाल्या. "बसल्या ना." मग खिडकीकडे तोंड करून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

निवृत्तीनंतर दोनच वर्षांत त्यांच्या पोटाचं दुखणं निघालं. मी वर्ध्याच्या दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा सिस्टर त्यांच्यासमोर एक तक्ता धरून उभी होती. हसऱ्या तोंडापासून रडक्या तोंडापर्यंत चेहरे काढलेला तक्ता. दुखणं किती आहे, ते त्यातल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवून दाखवायचं होतं.

"माझं दुखणं या तोंडाचं नाई," मॅडम म्हणाल्या. "कागद अन् पेन्सिल दे माय."

सिस्टर वैतागली, पण तिनं दिलं. मॅडमनी एक चौकोन काढला आणि तो छायेनं भरत गेल्या. एका कडेला हलका, मध्ये इतका दाबून काळा, की पेन्सिलीचं टोक मोडलं. सिस्टरनं कागद हातात घेतला, त्याच्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे पाहिलं आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच कागद-पेन्सिल घेऊन यायची.

सुधाकर रोज तिथंच असायचा. पाय चेपायचा, पेज भरवायचा. एकदा माझ्यासमोर त्यानं विचारलं, "ताई, घरी एवढी चित्रं आहेत. त्याचं काय करू?" कुणीतरी त्याला प्रदर्शन भरवायचं सुचवलं होतं.

"वाटून टाक," त्या म्हणाल्या. "जो मागन त्याले दे. नाव नको देऊ कोन्याच चित्राले. अन् समजावून तं बिलकूल नको सांगू."

उन्हाळा लागता लागता त्या गेल्या.

चित्रं वाटायला मी आणि सुधाकर एक ऑटो करून निघालो. मागणारे निघतील का, अशी मला धास्ती होती. पण नावं सुधाकरकडे आधीच आली होती, आणि त्यांतली बहुतेक त्याच्याच गावची, भिंतीसमोर बसणाऱ्या बायांची होती. घराघरांत ती चित्रं लागली. टीव्हीच्या वर, धान्याच्या कोठीशेजारी, एक तर बकऱ्या बांधतात त्या पडवीत. सिस्टरनं एक नेलं. मुख्याध्यापक आता निवृत्त झालेत. त्यांनी फोन करून, जरा अडखळत, एक मागितलं. मी नेऊन दिलं.

महिन्याभरानं मी पुन्हा त्या गावी गेलो, तेव्हा पार्बताबाईनं मला चहाला घरात बोलावलं. तिच्या चित्रात खाली गडद विटकरी होता आणि वर फिकट होत गेलेला हिरवा, हे मला चांगलं आठवत होतं. कारण मॅडम प्रत्येक चित्राच्या मागे वरची बाजू दाखवणारा बाण काढून ठेवायच्या, आणि ते बाण पाहूनच मी चित्रं गुंडाळली होती. इथं हिरवा खाली होता आणि विटकरी वर. मी उठलो, स्टूल ओढलं आणि वर चढलो.

"काय करून राह्यले सर?" पार्बताबाईनं विचारलं.

"आजी, हे उलटं लागलंय. मागे बाण आहे, बघा. मॅडमनीच काढलेला आहे."

ती चहाची कपबशी घेऊन आली. बशी तिनं खाली ठेवली आणि चित्राकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"तिनं तिकून पाह्यलं असन," ती म्हणाली. "आता तं मी पाहून राह्यली ना. एक महिना झाला, रोज पायते. हे असंच हाय. खाली उतरा, चहा थंडा होऊन राह्यला."

मी खाली उतरलो.